सह्याद्रीतील अतिहलके उड्डाण

सह्याद्रीतील अतिहलके उड्डाण म्हणजे पॅराग्लायडर, हँग ग्लायडर, पॅरामोटर आणि मायक्रोलाइट अशा अतिशय कमी वजनाच्या साधनांनी महाराष्ट्रातील पश्चिम घाटाच्या परिसरात केले जाणारे हौशी व क्रीडात्मक उड्डाण होय. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील कामशेत आणि सातारा जिल्ह्यातील पाचगणी ही या क्रीडेची महाराष्ट्रातील सर्वांत परिचित ठिकाणे आहेत. यांपैकी कामशेत हे बोरघाटाच्या माथ्यापलीकडे, म्हणजे रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांना लागून असलेल्या मावळ पठारावर वसलेले आहे. घाटाखालच्या कुंभिवलीसारख्या गावांतून दिसणारा सह्याद्रीचा उंच कडा उड्डाणासाठी फारसा वापरला जात नाही आणि त्यामागच्या लहान, बोडक्या टेकड्यांवर मात्र हंगामात रोज रंगीत पंख उघडले जातात. या वरवर विचित्र वाटणाऱ्या वस्तुस्थितीचे कारण डोंगरांच्या रचनेत आणि वाऱ्याच्या दैनंदिन चक्रात आहे.

संज्ञा आणि साधने

‘अतिहलके विमान’ ही संज्ञा सर्व देशांत एकाच अर्थाने वापरली जात नाही. अमेरिकेत एका व्यक्तीचे, रिकाम्या अवस्थेत २५४ पौंडांपेक्षा (सुमारे ११५ किलोग्रॅम) कमी वजनाचे इंजिनयुक्त विमान या वर्गात मोडते. भारतात व युरोपातील अनेक देशांत मायक्रोलाइट हा शब्द अधिक रूढ असून त्यात दोन आसनी विमानांचाही समावेश होतो. बोलीभाषेत मात्र पाठीवर वाहून नेता येणाऱ्या पॅराग्लायडरपासून तीन चाकांच्या ट्राइकपर्यंत सर्वच साधनांना सरसकट ‘हलकी विमाने’ म्हटले जाते आणि या लेखातही हाच व्यापक अर्थ घेतला आहे.

पॅराग्लायडर हे इंजिन आणि ताठ सांगाडा नसलेले साधन आहे. त्याचा कापडी पंख दोन थरांचा असतो. पुढच्या कडेवरील तोंडांतून हवा आत शिरते व त्या हवेच्या दाबाने पंखाला आकार येतो. चालक पंखाखाली बारीक पण अतिशय मजबूत दोऱ्यांनी टांगलेल्या हार्नेसमध्ये बसतो आणि दोन्ही हातांतील ब्रेकच्या दोऱ्या ओढून वळतो किंवा वेग कमी करतो. पंख, हार्नेस, शिरस्त्राण आणि राखीव पॅराशूट मिळून संपूर्ण सामान साधारण १२ ते २० किलोग्रॅम भरते. नेहमीचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर असतो.

हँग ग्लायडरला अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा त्रिकोणी सांगाडा असतो आणि चालक त्याखाली पालथा टांगलेला राहून शरीराचा भार सरकवून दिशा बदलतो. तो पॅराग्लायडरपेक्षा वेगवान असून अधिक दूर तरंगत जातो. त्याचे वजन मात्र सुमारे ३० किलोग्रॅम आणि घडी केल्यावरही लांबी बरीच, त्यामुळे तो डोंगरावर नेण्यासाठी माथ्यापर्यंत गाडीरस्ता लागतो. सह्याद्रीत पॅराग्लायडरने हँग ग्लायडरला मागे टाकले त्यामागे हे साधे कारण मोठे आहे. पॅराग्लायडरची पिशवी एस.टी.तही मावते.

पॅरामोटरमध्ये पॅराग्लायडरच्याच चालकाच्या पाठीवर छोटे इंजिन व पंखा बांधलेला असतो. मायक्रोलाइटचा एक सामान्य प्रकार म्हणजे हँग ग्लायडरसारख्या पंखाखाली टांगलेली, इंजिन व दोन आसने असलेली तीन चाकी गाडी. या दोन्ही साधनांना टेकडीची गरज नसते, सपाट मोकळी जागा पुरते. त्यामुळे डोंगराळ भागात त्यांचा वापर तुलनेने कमी आणि समुद्रकिनारी, पठारांवर व धावपट्ट्यांजवळ अधिक होतो.

पार्श्वभूमी

डोंगरउतारावरून धावत जाऊन हवेत झेपावण्याची कल्पना विमानापेक्षा जुनी आहे. जर्मन अभियंता ओटो लिलिएन्थाल याने १८९१ पासून स्वतः बांधलेल्या पंखांवर दोन हजारांच्या आसपास उड्डाणे केली. त्यासाठी बर्लिनजवळ त्याने मुद्दाम एक कृत्रिम टेकडी रचून घेतली होती. १८९६ मध्ये एका अपघातात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर अर्धशतक उड्डाणाचा सगळा ओघ इंजिनाकडे वळला. अमेरिकेतील फ्रान्सिस रोगॅलो याला १९५१ मध्ये लवचीक पंखाचे एकस्व मिळाले आणि ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सन याने १९६३ मध्ये अशाच पंखाला नियंत्रणाची त्रिकोणी चौकट जोडली. आजचा हँग ग्लायडर या दोन कल्पनांतून निघाला. १९७० च्या दशकात हौशी लोकांनी हँग ग्लायडरवर छोटी इंजिने बसवून मायक्रोलाइटचा पाया घातला.

पॅराग्लायडरची वाट वेगळी आहे. डॉमिना जॅल्बर्ट याने १९६० च्या दशकात हवेने फुगणाऱ्या कप्प्यांचे पॅराशूट तयार केले. १९७८ मध्ये फ्रान्समधील मिएसी या आल्प्सच्या गावी तिघा पॅराशूटपटूंनी, विमानाचा खर्च वाचावा म्हणून, असे पॅराशूट घेऊन थेट डोंगरउतारावरून धाव घेतली. हा खेळ म्हणून पॅराग्लायडिंगचा प्रारंभ मानला जातो. म्हणजे जगातल्या सर्वांत स्वस्त उड्डाणक्रीडेचा जन्म काटकसरीतूनच झाला.

महाराष्ट्रात इंजिनविरहित उड्डाणाची परंपरा त्याआधीची आहे. पुण्यातील हडपसर येथे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या ग्लायडिंग केंद्रात विंचच्या तारेने ओढून ताठ पंखांचे ग्लायडर आकाशात सोडले जात आणि अनेक पुणेकर विद्यार्थ्यांनी पहिले उड्डाण तेथेच अनुभवले. कामशेत परिसरात पॅराग्लायडिंग शिकवणाऱ्या शाळा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उभ्या राहू लागल्या. मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे रेल्वेने जवळ, हे त्यांच्या वाढीचे मुख्य कारण ठरले.

इंजिनयुक्त हलक्या विमानांच्या बाबतीत मुंबईचे उद्योगपती विजयपत सिंघानिया यांचे नाव घेतले जाते. त्यांनी १९८८ मध्ये लंडनहून भारतापर्यंतचा प्रवास मायक्रोलाइटने २३ दिवसांत पूर्ण केला. २००५ मध्ये त्यांनी मुंबईतून उष्ण हवेच्या फुग्याने उड्डाण करून सुमारे २१ किलोमीटर उंची गाठली व हा फुगा सह्याद्री ओलांडून नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळ उतरला. भारतीय हवाई दलाच्या राहुल मोंगा व अनिल कुमार या अधिकाऱ्यांनी २००७ मध्ये मायक्रोलाइटने सुमारे ८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली.

भूरचना आणि वारा

इंजिन नसलेले साधन हवेत सतत खालीच येत असते. पॅराग्लायडर दर सेकंदाला साधारण १.१ मीटर उतरतो आणि एक मीटर उतरताना आठ ते दहा मीटर पुढे जातो. दीडशे मीटर उंचीच्या टेकडीवरून शांत हवेत निघालेला शिकाऊ चालक त्यामुळे सव्वादोन मिनिटांत, सुमारे सव्वा किलोमीटर अंतरावर जमिनीला लागतो. त्याहून अधिक वेळ वर राहायचे असेल तर वर चढणारी हवा शोधावी लागते. डोंगरांत अशी हवा दोन प्रकारे मिळते.

पहिला प्रकार म्हणजे उताराला अडून वर वळलेला वारा. ताशी २० किलोमीटरचा वारा सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर जातो. तो तीस अंशांच्या मोकळ्या उतारावर सरळ आदळला, तर उतारालगत त्याची ऊर्ध्व गती सेकंदाला अडीच मीटरांपर्यंत भरू शकते. पॅराग्लायडरची घसरण १.१ मीटर असल्याने चालक या पट्ट्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या येरझारा घालत तासन्‌तास राहू शकतो. पण वारा ताशी ३५ किलोमीटरांच्या पुढे गेला की तोच पंख जागच्या जागी थांबतो व मग मागे, माथ्यापलीकडे ढकलला जाऊ लागतो. माथ्यामागे हवा भोवऱ्यासारखी उलटी फिरत असते आणि त्या भोवऱ्यात कापडी पंखाचा आकार टिकत नाही. उड्डाणास योग्य आणि अयोग्य वाऱ्यांतील अंतर एवढे थोडे असते.

दुसरा प्रकार थर्मल, म्हणजे उन्हाने तापून वर उठणाऱ्या हवेचा स्तंभ. काळा बेसॉल्ट, नांगरलेले शेत, वणव्याने काळवंडलेला उतार हे भोवतालच्या झाडीपेक्षा लवकर तापतात. त्यांवरची हवा सुटून वर जाऊ लागते, दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंश सेल्सिअसने थंड होते आणि पुरेशी आर्द्रता असेल तर माथ्यावर सपाट बुडाचा, कापसासारखा राशिमेघ धरते. असा ढग म्हणजे थर्मलचा पत्ता होय. ढग नसेल तेव्हा घारी तेच काम करतात. एका जागी पंख न हलवता गिरक्या घेणारी घार दिसली की अनुभवी चालक तिकडे वळतो.

सह्याद्रीत या दोन्हींवर समुद्राचा अंमल चालतो. हिवाळ्याच्या सकाळी पठारावरून पूर्वेचा, कोरडा वारा कोकणाकडे वाहतो. दुपारी कोकणची जमीन तापली की समुद्रवारा आत सरकतो, घाटाच्या पायथ्याशी पोहोचतो आणि उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत पुण्यातही जाणवतो. त्यामुळे मावळात एकाच दिवशी सकाळी पूर्वाभिमुख आणि दुपारी पश्चिमाभिमुख टेकडीवर उडणे शक्य होते. वाऱ्याची ही अदलाबदल होताना मधला तासभर हवा कोणत्याच बाजूची नसते. तेव्हा माथ्यावर पंख पसरून ठेवलेले चालक झुडपांच्या सावलीत बसून वाट पाहतात. या खेळात वाट पाहण्याचा वेळ उडण्याच्या वेळेपेक्षा अनेकदा जास्त असतो.

कर्जत-खालापूरचा पायथा

कर्जत व खालापूर तालुके उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर आहेत, तर लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. १८६३ मध्ये सुरू झालेला बोरघाटातील लोहमार्ग सुमारे साडेपाचशे मीटरांची चढण चढतो, यावरून कड्याच्या उंचीची कल्पना येते. खंडाळ्याजवळची नागफणी, राजमाची, ढाक-बहिरी आणि पश्चिमेला सुटे उभे असलेले माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड हे सर्व या पट्ट्यातून एका नजरेत येतात. नवख्या पाहणाऱ्याला ही भिंत उड्डाणासाठीच घडवल्यासारखी वाटते.

प्रत्यक्षात तिचे गुणच तिचे दोष आहेत. कडे सरळसोट असल्याने धावत जाण्यास लागणारा मोकळा, मंद उतार माथ्यावर क्वचितच मिळतो. हिवाळ्यातील पूर्ववारा पठारावरून येऊन कड्याखाली कोसळतो, त्यामुळे कोकणाकडील संपूर्ण बाजू उतरत्या व ढवळलेल्या हवेची असते. घाटांच्या खिंडींत वारा नळीतून जावा तसा वेग घेतो. खाली उतरावे तर दाट झाडी, भातखाचरांचे बांध, वाढत्या वसाहती आणि विजेच्या तारा आहेत. टाटा समूहाने खोपोली येथे १९१५ मध्ये आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे १९२२ मध्ये जलविद्युत केंद्रे सुरू केली. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली आणून तयार केलेली ही वीज तेव्हापासून उच्चदाबाच्या तारांवरून मुंबईकडे जाते. आकाशातून पाहताना तार दिसत नाही, मनोरे दिसतात. म्हणून दोन मनोऱ्यांच्या मधली जागा मोकळी दिसली तरी तेथे तार आहे असेच धरून चालण्याचा नियम शिकाऊ चालकाला पहिल्या दिवसांतच सांगितला जातो.

वाऱ्याचा या कड्यांशी असलेला खेळ पाहण्याचा एक निरुपद्रवी मार्गही आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हलकी वस्तू खाली टाकली तर वर उसळणारा वारा ती परत आणतो, हे गिर्यारोहकांच्या पिढ्यांनी अनुभवले आहे. त्याच वाऱ्याने दरीत कोंडलेल्या धुक्यावर पडणारे वर्तुळाकार इंद्रधनुष्य ‘इंद्रवज्र’ म्हणून प्रसिद्ध आहे.

कामशेत

कामशेत हे मुंबई-पुणे लोहमार्गावर लोणावळा व तळेगाव यांच्यामध्ये असलेले बाजारपेठेचे गाव आहे. पवना व इंद्रायणी या नद्यांच्या खोऱ्यांनी विभागलेल्या या मुलखाला पवन मावळ, नाणे मावळ अशी जुनी नावे आहेत. येथील टेकड्या मुख्य कड्यापेक्षा पुष्कळ ठेंगण्या, गवताळ व गोलसर आहेत. शिंदेवाडीची टेकडी, टॉवर हिल, शेलार आणि पवना तलावाच्या बाजूचे उतार ही येथील नेहमीची उड्डाणस्थळे आहेत. प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला असल्याने त्या दिवशीचा वारा पाहून जागा निवडता येते. शिकाऊंसाठी पायथ्याशी मोकळी शेते असणे ही दुसरी सोय. लोहगड, विसापूर, तिकोना व तुंग हे किल्ले तसेच भाजे, बेडसे व कार्ले येथील लेणी याच परिसरात असून स्वच्छ हवेत पुरेशी उंची मिळाल्यास त्यांपैकी काही एकाच उड्डाणात दिसतात.

हिमाचल प्रदेशातील बीड-बिलिंग येथे सुमारे २,४०० मीटर उंचीवरून उड्डाण होते आणि २०१५ मध्ये तेथे पॅराग्लायडिंग विश्वचषक मालिकेची स्पर्धा झाली. त्या मानाने कामशेतच्या टेकड्या बुटक्याच म्हणाव्या लागतील. परंतु हिमालयातील दुपारची हवा जोरकस आणि चुकीला कमी वाव देणारी असते. कामशेतला एकाच दिवशी अनेक वेळा माथ्यावर चढून पुन्हा पुन्हा उडता येते. शिकण्यासाठी दुसरी परिस्थिती अधिक उपयोगाची आहे आणि म्हणूनच देशाच्या इतर भागांतील अनेकांनी पहिले धडे मावळात घेतले आहेत.

पाचगणी

पाचगणीचे टेबललँड हे सुमारे १,३८० मीटर उंचीवरील जांभ्या दगडाचे सपाट पठार आहे. येथे उंची कामशेतपेक्षा बरीच अधिक मिळते व समोर कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचा जलाशय पसरलेला दिसतो. हॅरिसन फॉलीसारख्या जागांवरून हिवाळ्यात व उन्हाळ्यात उड्डाणे होतात. खोऱ्यातील थर्मल जोरदार असल्याने ही जागा अनुभवी चालकांना अधिक मानवते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला.

हंगाम

पावसाळ्यात उड्डाण पूर्णपणे बंद असते. ढग माथ्याखाली उतरतात, वारा वेगवान असतो आणि ओल्या पंखाचे वजन व वर्तन दोन्ही बदलते. ऑक्टोबरमध्ये भात पिवळे पडू लागते तेव्हा हंगाम सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीतील हवा मंद व गुळगुळीत असून ती नवशिक्यांना सोयीची असते. फेब्रुवारीपासून थर्मल वाढतात आणि मार्च-एप्रिलमध्ये सर्वाधिक उंचीची व अंतराची उड्डाणे होतात. याच काळात मावळात आणि कर्जत-खालापूरच्या खाचरांत शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. राबाचा धूर हा फुकटचा वातदर्शक आहे. तो सरळ वर गेला, आडवा पसरला की मध्येच वळला, यावरून खालचा व वरचा वारा दोन्ही समजतात. मे महिन्याच्या अखेरीस दुपारी उभे वाढणारे ढग दिसू लागले की जाणते लोक लवकर उतरतात. वळवाच्या पावसापूर्वी सुटणारा वावटळी वारा काही मिनिटांत येतो.

उड्डाणाचा अनुभव

या क्रीडेकडे लोक वळतात ते प्रामुख्याने अनुभवासाठी. माथ्यावर चालक पंख मागे अर्धवर्तुळात पसरतो, दोऱ्या तपासतो, हार्नेसचे पट्टे एकेक करून आवळतो. वाऱ्याची झुळूक चेहऱ्यावर येते, पंख सळसळत डोक्यावर उभा राहतो आणि तीन-चार पावलांनंतर पाय जमिनीवर आहेत की नाहीत हे कळेनासे होते. नवशिक्यांपैकी बरेच जण हवेत उचलले गेल्यावरही काही क्षण धावतच राहतात आणि शिक्षकांना त्यांनी तसे धावावे असेच वाटत असते, कारण पाय लवकर उचलून हार्नेसमध्ये बसण्याची घाई हे उड्डाण फसण्याचे नेहमीचे कारण आहे.

वर गेल्यावर पहिली जाणीव शांततेची होते. इंजिन नसल्याने दोऱ्यांतून जाणाऱ्या वाऱ्याचा सूं-सूं आवाज तेवढा असतो आणि जमिनीवरचे आवाज आश्चर्यकारक स्पष्टपणे वर येतात. कुत्र्याचे भुंकणे, शाळेची घंटा, गुराख्याची हाक, लोहमार्गावरील गाडीचा खडखडाट. वासही येतात. थर्मलमध्ये शिरताना तापलेल्या मातीचा किंवा राबाच्या धुराचा दर्प आधी येतो आणि मग आसन खालून ढकलल्यासारखे उचलले जाते. उंची वाढत असल्याची सूचना व्हेरिओमीटर नावाचे छोटे यंत्र शिट्ट्या वाजवून देते. एकाच थर्मलमध्ये काही मीटरांवर घार गिरकी घेत असते आणि बहुधा ती माणसापेक्षा वेगाने वर निघून जाते.

पायी किंवा रस्त्याने फिरताना तुटक वाटणारा मुलूख वरून जोडलेला दिसतो. कोणता ओढा कोणत्या नदीला मिळतो, एखादा किल्ला नेमक्या त्याच सोंडेवर का बांधला, गाव डोंगराच्या कोणत्या कुशीत वाऱ्यापासून आडोसा धरून बसले आहे, हे नकाशा न वाचता उमजते. सह्याद्रीत किल्ले भटकण्याची परंपरा मोठी आहे आणि या क्रीडेत येणाऱ्या मराठी तरुणांपैकी पुष्कळ जण गिर्यारोहणाच्या वाटेनेच आलेले असतात.

शिक्षण व आकाशातील शिष्टाचार

शिक्षणाची सुरुवात हवेत होत नाही. पहिले दिवस सपाट मैदानावर पंख डोक्यावर उभा करणे, तो सरळ धरणे व पाडणे यांत जातात. नंतर छोट्या उतारावरून काही मीटर उंचीच्या उड्या आणि मग रेडिओवरील सूचनांनुसार माथ्यावरून उड्डाण असा क्रम असतो. साधारण आठवडाभरात विद्यार्थी देखरेखीखाली एकट्याने उडू लागतो. मात्र हवा ओळखता येण्यास काही हंगाम लागतात. केवळ एकदा अनुभव घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षित चालकासोबतचे दोघांचे उड्डाण असते. पर्यटकांपैकी बहुतेकांची या क्रीडेशी ओळख एवढ्यापुरतीच राहते.

टेकडीलगत अनेक पंख एकाच वेळी असतात, म्हणून सर्वत्र मान्य असलेले काही नियम पाळले जातात. समोरासमोर आल्यास ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला वाट द्यावी, कारण त्याला उजवीकडे सरकायला जागा नसते. वळताना नेहमी डोंगरापासून दूर वळावे. थर्मलमध्ये आधी शिरलेला ज्या दिशेने फिरत असेल त्याच दिशेने बाकीच्यांनी फिरावे. खालून वर येणाऱ्याला वरच्याने जागा करून द्यावी, कारण खालच्याला स्वतःच्या पंखामुळे वरचे दिसत नाही.

धोके

साधन साधे असले तरी धोके खरे आहेत. अपघातांचे मूळ बहुतेक वेळा यंत्रात नव्हे, निर्णयात असते. मर्यादेबाहेरच्या वाऱ्यात उडणे, उतरण्याची जागा आधी न पाहणे, आपल्या कौशल्यापेक्षा चपळ पंख वापरणे ही त्याची उदाहरणे होत. युरोपीय मानकांनुसार पंखांचे ए ते डी असे वर्ग असतात. ए वर्गातील पंख आकार बिघडल्यास स्वतःहून सावरतो, डी वर्गातील पंखाला चालकाचे तत्पर हात लागतात. ढवळलेल्या हवेत पंखाची एक बाजू मिटणे ही घटना अपवादात्मक नाही. पुरेशी उंची असेल तर ती सावरता येते, जमिनीलगत मात्र वेळ उरत नाही. हार्नेसचे पायांचे पट्टे बांधायचे विसरणे ही सर्वांत क्षुल्लक व सर्वांत प्राणघातक चूक आहे, आणि ती अनुभवी लोकांकडूनही झाली आहे. ती टाळण्यासाठी निघण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेण्याची पद्धत चांगल्या शाळांत सक्तीची असते. सह्याद्रीच्या कड्यांवरील आग्यामोहळे हा आणखी एक स्थानिक धोका असून कड्याच्या फार जवळून न उडण्याचे ते एक कारण आहे.

पर्यटकांना नेणाऱ्या उड्डाणांत प्रवाशाला वारा, साधन किंवा चालकाचा अनुभव यांपैकी काहीच पारखता येत नाही. वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की नाही, ही बाब त्यामुळे केवळ व्यवहाराची राहत नाही. जिथे रद्द केल्याने चालकाचे नुकसान होते, तिथे सीमारेषेवरच्या वाऱ्यात उडण्याचा मोह वाढतो.

नियमन

भारतात मायक्रोलाइट व इंजिनयुक्त हँग ग्लायडर नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांखाली येतात. त्यांना नोंदणी व चालकाला परवाना आवश्यक असतो. इंजिनविरहित पॅराग्लायडिंगचे दैनंदिन नियमन प्रामुख्याने राज्यांकडे राहिले. हिमाचल प्रदेशाने २००४ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जमीन, पाणी व हवेतील साहसी उपक्रमांसाठी साहसी पर्यटन धोरण आणून आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि सुरक्षिततेची मानके यांची तरतूद केली. मुंबई पोलीस सुरक्षेच्या कारणावरून ड्रोन, पॅराग्लायडर, मायक्रोलाइट व उष्ण हवेचे फुगे यांवर शहरात वेळोवेळी बंदीचे आदेश काढत असतात. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ असल्याने आणि मुंबई-पुणे पट्ट्यावरील हवाई वाहतूक वाढती असल्याने मावळातील उड्डाणे कमी उंचीच्या मर्यादेत राहतात. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे खालापूर-पनवेल बाजूचे आकाशही आता पूर्वीइतके मोकळे नाही.

शेती, वस्ती आणि वन्यजीव

उड्डाणस्थळे सामान्यतः कोणाच्या तरी मालकीच्या डोंगरउतारावर आणि उतरण्याच्या जागा कोणाच्या तरी शेतात असतात. भाताची कापणी झाल्यावर रिकाम्या खाचरात उतरण्यास सहसा हरकत घेतली जात नाही. हरभरा किंवा गहू उभा असताना मात्र एका चुकीच्या उतरण्याने आणि ते पाहायला धावलेल्या गर्दीने नुकसान होते. त्यामुळे शाळा व गावकरी यांच्यातील समजूत, भरपाई आणि स्थानिकांना मिळणारे काम यांवर स्थळाचे भवितव्य अवलंबून असते. पंख वाहणे, घड्या घालणे, जीप चालवणे अशा कामांतून या क्षेत्रात आलेल्या मावळातील तरुणांना उडायला शिकण्याचीही वाट त्यातूनच मिळते.

गावांवरचा मोठा दबाव मात्र उड्डाणाचा नसून जमिनीच्या व्यवहारांचा आहे. मुंबई व पुणे यांच्या मधल्या या पट्ट्यात बंगले, शेतघरे आणि गृहसंकुले वाढत गेली, तसतशी मोकळी शेते कुंपणांत गेली आणि विजेच्या नव्या तारा आल्या. उतरण्यायोग्य जागा कमी झाली की वरची टेकडी कितीही चांगली असली तरी निरुपयोगी होते.

सह्याद्रीचे कडे गिधाडे व शाहीन ससाणे यांची घरटी करण्याची ठिकाणेही आहेत. पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅक या औषधामुळे भारतातील गिधाडांची संख्या १९९० च्या दशकापासून झपाट्याने घटली व २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. उरलेल्या वसाहतींचा विणीचा काळ हिवाळ्यात, म्हणजे नेमका उड्डाणाच्या हंगामात येतो. घरटी असलेल्या कड्यांपासून अंतर राखणे, तेथे येरझारा न घालणे आणि पक्ष्यांच्या थर्मलमध्ये त्यांच्यामागे न लागणे हे संकेत त्यामुळे पाळावे लागतात. घारी माणसांना सहसा जुमानत नाहीत. ससाणा मात्र घरट्याजवळ आलेल्या पंखावर झेप घेऊ शकतो.